संगणकातले गाणे, दिवाणखान्यातला स्टिरिओ

घरातल्या संगीताचा साठा गेल्या पंचवीस वर्षांत कॅसेट आणि सीडीच्या कपाटातून संगणकाच्या डिस्कवर आला आणि तिथून बऱ्याच अंशी इंटरनेटवरील संग्रहांत गेला. ते ऐकण्याचे खरे साधन, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेली स्पीकरची जोडी, मात्र दिवाणखान्यात होते तिथेच राहिले. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांना खालच्या स्वरांसाठी पुरेशी हवा हलवता येत नाही, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यांतून नीट ऐकूच येत नाही. साठा एका खोलीत आणि स्टिरिओ दुसऱ्या खोलीत ही फारकत मिटवण्यासाठी संगणकातले संगीत बिनतारी मार्गाने स्टिरिओपर्यंत नेण्याचे तंत्र घडत गेले. या तंत्राची खरी कसोटी अंतर कापण्यापेक्षा वेळ पाळण्यात होती, आणि त्यातली बुद्धिमत्ता सामान्य श्रोत्याने समजून घ्यावी इतकी सुंदर आहे.

कॅलिफोर्नियातील स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिम-एमपी३’ हे उपकरण आणले. ते संगणकातील गाणी घरातल्या नेटवर्कवरून घेऊन स्टिरिओला देई, पण त्याला नेटवर्कची तार लागे. तिच्याच ‘स्क्वीझबॉक्स’ने २००३ मध्ये ती तार काढून टाकली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ जाहीर केले. भिंतीवरच्या सॉकेटात थेट बसणाऱ्या या पांढऱ्या डबीला तळाशी ३.५ मिलिमीटरचे एक छिद्र होते आणि त्यातून विद्युत संकेत व प्रकाशसंकेत अशा दोन्ही रूपांत ध्वनी बाहेर काढता येई. संगणकावरील आयट्यून्समध्ये स्पीकर निवडण्याची यादी दिसे, तीतून दिवाणखाना निवडला की गाणे तिथल्या स्टिरिओवर सुरू होई. ‘एअरट्यून्स’ या नावाने सुरू झालेली ही पद्धत २०१० मध्ये ‘एअरप्ले’ झाली.

नुसती माहिती वाहून नेण्याची अडचण त्या काळीही फारशी नव्हती, हे आकड्यांवरून ध्यानात येते. सीडीवरील ध्वनी म्हणजे डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, प्रत्येक माप १६ बिटांत लिहून केलेली नोंद होय. तिचा प्रवाह सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांचा होतो. त्या वेळच्या वाय-फायचा घोषित वेग सेकंदाला ५ कोटी ४० लाख बिटांचा होता आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी वेग मिळाला तरी संगीताला तो पुरून उरे. शिवाय ॲपलने ध्वनीतील काहीही न गमावता त्याचा आकार घटवणारी संकोचनपद्धती वापरल्यामुळे सीडीचा दर्जा जसाच्या तसा पलीकडे पोहोचे. ब्लूटूथची गोष्ट वेगळी आहे. ते कमी ऊर्जेत, सुमारे दहा मीटरांच्या परिसरासाठी रचलेले तंत्र आहे. त्यात सर्वत्र चालणारी जी मूळ संकोचनपद्धती आहे, ती उत्तम दर्जाला सेकंदाला सुमारे ३ लाख २८ हजार बिट वापरते, म्हणजे सीडीच्या प्रवाहाचा जेमतेम चौथा भाग, आणि ही बचत ध्वनीतील काही तपशील कायमचा गाळून होते. फोनवरून दोन गाणी लावण्यासाठी ब्लूटूथ पुरेसे आहे, परंतु घरात चांगला स्टिरिओ असेल तर त्याला वाय-फायच शोभते.

वाय-फायवरून जाणारा ध्वनी सलग वाहत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी जातो आणि या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एअरट्यून्सच्या एका पॅकेटात ३५२ मापे, म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंदांचे संगीत असते, आणि अशी सव्वाशे पॅकेटे दर सेकंदाला निघतात. काही वाटेत हरवतात, काही उशिरा येतात, काहींचा क्रम उलटसुलट होतो. म्हणून प्रत्येकावर अनुक्रमांक आणि ते कधी वाजावे याची वेळ लिहिलेली असते. स्टिरिओला जोडलेले, पॅकेटे घेणारे ग्राहक उपकरण ती लगेच न वाजवता सुमारे दोन सेकंदांचा साठा करून ठेवते आणि हरवलेले पॅकेट त्या अवधीत पुन्हा मागवून घेते. या साठ्याला बफर म्हणतात आणि त्याचे काम गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे आहे: नळाला पाणी थांबत-थांबत आले तरी घरातली धार अखंड राहते. संगणकावर विरामाचे बटण दाबल्यावर स्टिरिओ क्षणभर उशिरा थांबतो तो याच साठ्यामुळे.

टाकीत येणारी धार आणि जाणारी धार यांचा वेग मात्र तंतोतंत सारखा असावा लागतो, आणि खरी मेख इथे आहे. संगणक आणि ग्राहक उपकरण या दोहोंत क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारे स्वतंत्र घड्याळ असते आणि कोणतेही दोन स्फटिक हुबेहूब एकाच गतीने कंप पावत नाहीत. समजा त्यांच्या गतींत दहा लाखांत ५० भागांचा फरक आहे. इतक्या क्षुल्लक फरकानेही तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. ती वाढत गेली की केव्हातरी टाकी रिकामी तरी होते किंवा भरून वाहते, आणि ऐन समेवर आवाज तुटतो. यावरचा उपाय असा की ग्राहक उपकरण पाठवणाऱ्याचे घड्याळ वारंवार विचारून आपल्याशी पडताळते आणि गरज पडेल तेव्हा ४४,१०० मापांतले एखादे माप वाढवते किंवा वगळते. एका मापाचा काळ सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागाइतका असल्यामुळे अतिशय तयार कानालाही हा बदल जाणवत नाही.

एकच गाणे दोन खोल्यांत एकाच वेळी वाजवायचे झाले की ही शिस्त आणखी कडक व्हावी लागते. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले होते की एकच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत कान त्यांना एकच समजतो, त्यापलीकडे हळूहळू प्रतिध्वनी जाणवू लागतो. हवेतून दहा मीटर जायलाच ध्वनीला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे घराच्या लांबीतच ही सवलत जवळजवळ संपते आणि यंत्रांच्या चुकीसाठी काही उरत नाही. म्हणूनच सर्व उपकरणांची घड्याळे परस्परांशी मिलिसेकंदाच्याही आत जुळवण्यावर भर आला, आणि २०१८ मध्ये आलेल्या ‘एअरप्ले २’ने उद्योगांतील यंत्रांची घड्याळे जुळवण्यासाठी वापरली जाणारी अचूक कालपद्धती घरात आणली.

संगीत पाठवण्याचे मार्गही दोन आहेत. एकात संगणक स्वतः गाणे उलगडून त्याचा प्रवाह पाठवतो. दुसऱ्यात तो ग्राहक उपकरणाला गाण्याचा केवळ पत्ता सांगतो आणि उपकरण ते स्वतः आणून वाजवते. दुसऱ्या पद्धतीत संगणक झोपला तरी इंटरनेटवरील गाणे चालू राहते, ही मोठी सोय. परंतु अशा काही उपकरणांत एक गाणे संपून दुसरे सुरू होताना क्षणभर खंड पडतो. चित्रपटगीतांना त्याने बाधा येत नाही, पण ज्या ध्वनिमुद्रणात बडा ख्याल आणि छोटा ख्याल असे दोन भाग स्वतंत्रपणे नोंदलेले असतात आणि मैफल सलग असते, तिथे हा खंड रसभंग करतो. रागसंगीत ऐकणाऱ्याने उपकरण घेताना ही एक गोष्ट आवर्जून तपासावी.

आता टिकाऊपणाविषयी. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तीस-चाळीस वर्षे चालतात, त्यांना जोडलेली डबी मात्र कंपनीच्या निर्णयावर जगते. लॉजिटेकने २००६ मध्ये विकत घेतलेला स्क्वीझबॉक्स २०१२ मध्ये बंद केला. गूगलने २०१५ मध्ये आणलेल्या ‘क्रोमकास्ट ऑडिओ’चे उत्पादन २०१९ मध्ये थांबल्याचे सांगितले. तरीही जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण त्यांना गाणी पुरवणाऱ्या संगणकीय प्रणालीचे मूळ लेखन सर्वांना खुले होते आणि तिच्या चाहत्यांनी ती ‘लिरियन’ या नावाने जिवंत ठेवली. एअरट्यून्सचा प्रवाह मात्र गुप्तलिपीत जात असे. नॉर्वेच्या यॉन लेक योहान्सेन यांनी २००४ मध्येच पाठवण्याच्या बाजूची किल्ली शोधून काढली, आणि २०११ मध्ये जेम्स लेअर्ड यांनी डबीतील चिपमधून ग्राहक बाजूची किल्ली मिळवली; त्यातूनच ‘शेअरपोर्ट’ हा मुक्त प्रोग्राम निघाला आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकालाही एअरपोर्ट एक्स्प्रेसचे काम करता येऊ लागले. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने बंदिस्त उपकरणापेक्षा खुल्या प्रणालीवर चालणारे उपकरण केव्हाही श्रेयस्कर.

जोडणी सोपी आहे. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली केबल ग्राहक उपकरणातून ॲम्प्लिफायरच्या मागील ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या जागी लावावी. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी ती लावू नये, कारण ती जागा रेकॉर्डच्या सुईतून येणारा अत्यंत क्षीण संकेत शेकडो पटींनी वाढवण्यासाठी केलेली असते आणि तिथे हा आवाज फाटतो. संगणकावरचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करावे, म्हणजे सोळा बिटांतले बिट वाया जात नाहीत. संगणक राउटरला तारेने जोडणे शक्य असेल तर जरूर जोडावा, कारण दोन्ही बाजू बिनतारी असल्या की तेच पॅकेट हवेतून दोनदा प्रवास करते. विटांच्या आणि सिमेंटच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात, तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते, म्हणून दोन्ही पट्टे वापरून पाहूनच निवड करावी.

माळ्यावर धूळ खात पडलेला जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले स्पीकर भंगारात देण्याआधी वाचकांनी त्यांची मागची बाजू एकदा पाहावी. लाल-पांढऱ्या दोन गोल जागा तिथे असतील आणि यंत्र चालू स्थितीत असेल, तर नवा स्पीकर विकत घेण्याचे कारण उरत नाही.