परसातील कोंबड्या आणि शेजारची परसबाग

ग्रामीण महाराष्ट्रातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना, विशेषतः त्या कुटुंबांतील स्त्रियांना, परसातील कोंबडीपालनाचा मोठा आधार आहे. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ६० ते ८० अंडी देते. ही संख्या अल्प वाटली तरी या अंड्यांवर घरातील मुलांचे पोषण होते आणि अडीनडीला चार पैसेही हाती येतात. दुसरीकडे परसबागेचाही सर्वत्र प्रसार होत आहे. शाळांमधील पोषण बागांसंबंधी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या असून अनेक शाळांच्या आवारात मेथी, पालक, कोथिंबीर व वांगी यांचे वाफे दिसू लागले आहेत.

कोंबडीपालन व परसबाग हे दोन्ही उपक्रम एकाच गावात, पुष्कळदा एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना चालतात. त्यातूनच अडचण निर्माण होते. मुलांनी पंधरा दिवस पाणी घालून वाढविलेला वाफा दोन-तीन कोंबड्या एका सकाळी उकरून टाकतात. तक्रार होते, शब्दाने शब्द वाढतो आणि शेवटी कोणाची कोंबडी तरी दगावते किंवा कोणाची बाग तरी बंद पडते. दोन्ही गोष्टी गावाच्या तोट्याच्याच आहेत. वास्तविक थोडी माहिती व थोडे श्रम यांच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविता येतो.

कोंबडी का व किती उडते?

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. हा पक्षी दिवसा जमिनीवर चरतो आणि रात्री झाडावर बसतो. लांबचा पल्ला गाठणे हे त्याच्या उड्डाणाचे प्रयोजन नसून संकटसमयी झटकन वर उठणे एवढेच असते. कोंबडीच्या छातीचे स्नायू जोरदार पण अल्पकाळ काम करणारे असतात आणि लवकर थकतात. म्हणून ती फार दूर उडत नाही; मात्र कुंपण ओलांडण्यापुरते बळ तिच्या पंखांत निश्चित असते.

सर्व जातींची उडण्याची शक्ती सारखी नसते. गावठी कोंबड्या व व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या अंगाच्या जाती चपळ असतात. तलंगा तर वजनाने हलक्या असल्याने सर्वांत अधिक उडतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती अंगाने जड असल्याने सहसा उंच उडत नाहीत. नवीन पक्षी घेताना ही बाब विचारात घ्यावी.

कोंबडी विनाकारण कुंपण ओलांडत नाही. भूक, हिरव्या चाऱ्याचा अभाव, जागेची दाटी, कुत्र्या-मांजराची भीती आणि सायंकाळी उंच जागी बसण्याची ओढ ही त्याची प्रमुख कारणे होत. ही कारणे दूर केल्यास निम्मे काम होते.

व्यवस्थापनातील सोपे उपाय

पहिला उपाय वेळेचा आहे. बहुतेक कोंबड्या सकाळपासून दुपारपर्यंत अंडी घालतात. तोपर्यंत त्यांना खुराड्यात किंवा बंदिस्त आवारात ठेवून दुपारनंतर मोकळे सोडावे. सायंकाळचे धान्य नेहमी खुराड्यातच टाकावे. धान्याच्या ओढीने व अंधार पडण्याच्या सुमारास घरी परतण्याच्या सवयीने त्या आपोआप आत येतात. अशा रीतीने भटकण्याचे तास कमी होतात आणि अंडी परक्याच्या झुडपात जाण्याचेही टळते.

दुसरा उपाय आवारातील सोयींचा आहे. एका कोपऱ्यात राख व कोरडी माती यांचा खड्डा करून द्यावा. कोंबड्या त्यात अंग घोळतात, त्यामुळे उवा व गोचिडांचा त्रासही कमी होतो. भाजीचा पाला किंवा शेवग्याची डहाळी आवारात टांगून ठेवावी. खुराड्यात बसण्यासाठी आडवी काठी असावी व प्रत्येक पक्ष्यास त्यावर सुमारे ८ ते ९ इंच जागा मिळावी.

कुंपण कसे असावे?

जड जातींना ४ फूट उंचीचे कुंपण बहुधा पुरते. हलक्या जातींसाठी मात्र ते ६ फूट असावे. उंचीइतकेच महत्त्व कुंपणाच्या माथ्याला आहे. कोंबडी सहसा एका झेपेत कुंपण ओलांडत नाही. ती प्रथम माथ्यावर बसते आणि मग पलीकडे उतरते. म्हणून माथ्यावर बांबूची आडवी पट्टी किंवा रुंद फळी ठेवू नये. जाळीची वरची कडा सैल व मोकळी सोडल्यास पाय टेकण्यास आधार मिळत नाही. बांबूच्या कुडावर बोर किंवा बाभळीच्या काट्या अंथरल्यानेही हाच हेतू साध्य होतो. कुंपणालगत लाकडाची मोळी, खोके अथवा कडब्याची गंजी असू नये, कारण त्यांचा कोंबड्यांना पायरीसारखा उपयोग होतो.

बाग लहान असेल तर कोंबड्यांना कोंडण्याऐवजी वाफेच झाकणे स्वस्त पडते. रोपे बोटभर असताना त्यांवर जुनी जाळी किंवा काटेरी फांद्या घालाव्यात. रोपे मोठी होईपर्यंत एवढे संरक्षण केले तरी बरेच नुकसान टळते.

पंख कापणे : योग्य पद्धत

एवढे करूनही एखादी कोंबडी आवरत नसेल तर तिच्या एका पंखाची पिसे कापावीत. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. ते कापल्याने वेदना होत नाहीत. दोन्ही पंख कापू नयेत. एकाच पंखाची पिसे कमी झाल्याने उडताना तोल जातो व कोंबडी उंच जाऊ शकत नाही.

हे काम सायंकाळी, पक्षी शांत असताना, दोघांनी मिळून करावे. एकाने कोंबडी छातीशी हलकेच धरावी आणि दुसऱ्याने पंख पूर्ण उलगडावा. टोकाकडील सुमारे १० लांब पिसे स्पष्ट दिसतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या लहान पिसांची ओळ सोडून, त्यापुढे एक-दोन बोटे अंतर राखून धारदार कात्रीने ही लांब पिसे कापावीत. नुकत्याच फुटलेल्या पिसाच्या दांड्यात रक्त असते व तो जाड, काळसर दिसतो. असे पीस मुळीच कापू नये. चुकून कापले जाऊन रक्त आल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पक्ष्यास इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसताच इतर कोंबड्या टोचा मारतात.

कोंबडी साधारणपणे वर्षातून एकदा जुनी पिसे गाळते व नवी धारण करते. त्यामुळे हा उपाय कायमचा नाही. नवी पिसे पूर्ण वाढल्यावर तो पुन्हा योजावा लागतो. खुडूक कोंबडीची पिसे कापू नयेत, कारण अंडी व पिले उबविण्यास तिला पंखांची आवश्यकता असते. तसेच पंख कापलेली कोंबडी मुंगूस, कुत्रा किंवा रानमांजरापासून स्वतःचा बचाव करू शकत नाही. ज्या घरी रात्रीचे भक्कम खुराडे नाही, त्यांनी हा उपाय करू नये. कोंबडीचे पाय बांधून ठेवणे किंवा पंखाचे हाड तोडणे हे प्रकार क्रूर असून सर्वथा त्याज्य आहेत.

आरोग्याचा विचार

कोंबड्या आपल्याच आवारात राहण्यात मालकाचाही लाभ आहे. घरोघर फिरणाऱ्या कोंबड्यांमार्फत राणीखेतसारखा रोग झपाट्याने पसरतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परसातील पक्षीही मोठ्या प्रमाणावर नष्ट करावे लागले होते. पक्षी एकमेकांत कमी मिसळल्यास अशा संकटाचा धोका कमी होतो.

ग्रामपंचायतीची भूमिका

मोकाट गुरांसाठी कोंडवाडा असतो. परंतु १८७१ च्या मूळ गुरे अतिक्रमण अधिनियमातील गुरांच्या व्याख्येत शेळ्या, मेंढ्या व डुकरे असली तरी कोंबडीचा समावेश नाही. त्यामुळे परक्याची कोंबडी कोंडवाड्यात घालून प्रश्न सुटत नाही. विष घालून दुसऱ्याचा प्राणी मारणे हा मात्र १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार शिक्षेस पात्र अपराध आहे. याची जाणीव ग्रामस्थांना करून देणे अगत्याचे आहे.

म्हणून या बाबतीत समजुतीचाच मार्ग श्रेयस्कर होय. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, ती अशाच लहान तंट्यांचे मोठ्या वैरात रूपांतर होऊ नये म्हणून. पेरणीनंतरचे तीन-चार आठवडे कोंबड्या दुपारपर्यंत बंद ठेवाव्यात आणि बागेच्या मालकाने वाफे झाकावेत, असा साधा ठराव ग्रामसभेत करता येईल. शिक्षकांना कुंपणाचे काम विद्यार्थ्यांकडून कार्यानुभव म्हणून करून घेता येईल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी लसीकरणाच्या दिवशीच पंख कापण्याचे प्रात्यक्षिक दाखवू शकतील. कोंबडीचे अंडे आणि बागेतील भाजी या दोहोंची त्याच गावातील मुलांना गरज आहे. एकीसाठी दुसरीचा त्याग करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.