सहा माणसं, तीन तिकिटं

कागलच्या स्टँडवर आमचं कुटुंब कोल्हापूरच्या एसटीत चढलं की कंडक्टरला मशीनवर जरा जास्तच बटणं दाबावी लागतात. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला भाडं नाही. वहिनी आणि मी निम्म्या भाड्यात. पुतण्या नऊ वर्षांचा, म्हणजे हाफ. पुतणीला तेरावं लागलं, तेव्हा लहान मुलांच्या सवलतीतून ती बाहेर पडली खरी, पण बायकांच्या सवलतीत आली, म्हणजे तीही निम्मीच. पूर्ण भाडं एकट्या दादाचं. सहा माणसांचा खर्च तीन तिकिटांत भागतो.

पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला आणि बायकांचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून निम्मं झालं. आमच्या घरात या दोन्ही तारखा वहिनींना तोंडपाठ आहेत, कारण त्या दिवसांपासून सहलीचं गणितच बदललं. तोवर आम्ही वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, जायचो. चौकात गाडी उभीच असते, स्टँडवर ताटकळावं लागत नाही. पण वडापवाल्याला वय आणि आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. त्याच्याकडे सहा माणसं म्हणजे सहा सीटा.

सहलीचा हिशेब हे वहिनींचं खातं. मागल्या वर्षीची कोरी राहिलेली डायरी त्या त्यासाठी वापरतात. पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने पाडतात: फुकट, सरकारी तिकीट, खाजगी. जायचं ठिकाण ठरायच्या आधी हे रकाने भरतात. पोरं ओरडत असतात, "आई, मालवण! मालवण!" आणि या शांतपणे लिहीत असतात.

फुकटच्या रकान्यात आमच्या भागात लिहायला कमी नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराला तिकीट नाही, आणि तिथल्या स्वर्गमंडपात उभं राहून वरच्या गोल मोकळ्या छतातून आभाळ बघायला पोरांनाही आवडतं. रंकाळा आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान आहे. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अर्धा जिल्हा तिकडे धावतो. पन्हाळा तर आता जागतिक वारसा आहे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं ज्या बारा किल्ल्यांना मान दिला त्यांत तो आला. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना सगळं पायी फिरून होतं. वर पैसे जातात ते चहा-भज्यांवर, घोड्यावर आणि पोरांच्या हातातल्या प्लास्टिकच्या तलवारीवर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. म्हणून डबा घरचा. आईच्या हातचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. कॅन उचलायचं काम दादाचं, त्यावरून दर वेळी कुरबुर होते.

सरकारी तिकिटाचा रकाना लोक उगाचच घाबरून बघतात. खरं तर सगळ्यांत स्वस्त मनोरंजन तिथंच आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात नाममात्र तिकिटात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघायला मिळते. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न पुतण्याला आठवडाभर पुरला. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तर पंधरा वर्षांखालच्या पोरांना तिकीटच नसतं. बदामीची लेणी २५ रुपये, ऐहोळे २५, पट्टदकल ४०. रोख न देता ऑनलाइन काढलं की दर तिकिटामागे पाच रुपये कमी. आमच्यात तिकीट लागणारी माणसं चारच, म्हणजे तिन्ही ठिकाणं मिळून रोखीनं ३६० रुपये आणि ऑनलाइन ३००. साठ रुपये वाचले म्हणून कुणी श्रीमंत होत नाही, पण खिडकीवरची रांग टळते, आणि मेच्या उन्हात तीच खरी बचत. एसटीत फुकट बसणाऱ्या आईला मात्र इथं पूर्ण तिकीट. "सरकार एकच ना, मग इथं का नाही?" असं ती विचारते. एक राज्याचं आणि एक दिल्लीचं, हे उत्तर तिला पटत नाही. जागतिक वारसा दिनाला, म्हणजे १८ एप्रिलला, आणि १९ नोव्हेंबरला गेल्या काही वर्षांत या ठिकाणी प्रवेश मोफत ठेवला जातो, पण एप्रिलातली तारीख शाळेच्या परीक्षांत अडकते.

बदामीच्या बाबतीत खरा खर्च तिकिटाचा नसतो, वाटेचा असतो. कागल हे सीमेवरचं गाव. महामार्गानं थोडं दक्षिणेला गेलं की कर्नाटक लागतं, आणि आपल्या एसटीची सवलत हद्दीपर्यंतच चालते. पलीकडे कर्नाटकची 'शक्ती' योजना जून २०२३ पासून आहे, बायकांना बस मोफत, पण ती तिथल्याच रहिवासी बायकांना. निपाणीतली मावशी बदामीला फुकट जाऊ शकते, आम्ही नाही. म्हणून वहिनींचा नियम साधा आहे: हद्दीच्या अलीकडे एसटी, पलीकडे भाड्याची गाडी. सहा माणसांत गाडीचं भाडं वाटलं की परवडतं. मात्र ठरवताना त्या फोनवर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. "परमिट, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळं धरून सांगा भाऊ. मागनं काय निघायला नको." तिकडून रक्कम येते. वहिनी ती डायरीत लिहितात आणि फोनवर परत वाचून दाखवतात. मग विचारतात, "रात्रीचा मुक्काम झाला तर किती?" हा शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास पूर्वी आमच्याकडे फार चालायचा. तो १९८८ पासून आहे. पण पासात बायकांना वेगळा दर नाही, मोठ्यांचा आणि मुलांचा एवढे दोनच. त्यामुळे आता आमच्या घरात तो एकट्या दादाला फायद्याचा, तोही लांबची फेरी असेल तरच.

तिसरा रकाना खाजगी. इथं मी वहिनींच्या शिस्तीची चाहती आहे. प्रत्येक पोरानं निघायच्या आधी एक हौस चिठ्ठीवर लिहून द्यायची. एकच. ती किती का महाग असेना, पुरी होणार. बाकी काही मागायचं नाही. मालवणच्या वेळी पुतण्यानं 'बनाना बोट' लिहिलं, पुतणीनं 'पाण्याखालचे मासे'. किनाऱ्यावर पाय ठेवताच एक पोरगा आला. "ताई, पाच राइड घ्या, पॅकेजात स्वस्त पडेल." वहिनींनी विचारलं, "एकट्या बनानाचे किती? पाण्यात किती मिनिटं? फोटोचे पैसे वेगळे का?" पॅकेजातल्या एका राइडची सरासरी कमीच होती, पण उरलेल्या तीन राइड कुणाला हव्याच नव्हत्या. स्वस्तात मिळालेली नको असलेली वस्तू महागच, हे पोरांना त्या दिवशी किनाऱ्यावर कळलं असावं. लाइफ जॅकेट मात्र वहिनींनी स्वतः दोनदा ओढून तपासलं. त्यात घासाघीस नाही.

काटकसर कधीकधी चुकीच्या जागीही होते, हेही सांगायला हवं. कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथले बलुतेदार, मोट, जातं, खळं हे सगळे पुतळे बघायला तिकीट काढायचं म्हणजे दादाला अगदी जिवावर आलं होतं. "ही सगळी अवजारं आपल्याच माळ्यावर धूळ खात पडलीत की!" पण आत गेल्यावर आईनंच ताबा घेतला. कोणतं अवजार कशाचं, बलुतं कसं मोजायचे, मोटेला बैल कसे जुंपायचे, ती एकेका पुतळ्यासमोर थांबून सांगत होती आणि शेजारचं एक अनोळखी कुटुंबही तिच्यामागून चालू लागलं. अशा ठिकाणी तिकिटाचे पैसे वाचवायला जाऊ नये.

तुम्हीही यंदा निघणार असाल तर सगळ्यांची आधार कार्डं बरोबर घ्या, कारण वयाचा पुरावा नसला तर कंडक्टर पूर्ण भाडं लावतो आणि त्यात त्याची चूक नसते. दर बदलत असतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. आणि टाउन हॉलला सोमवारी जाऊ नका, ते त्या दिवशी बंद असतं.