एका किमतीवरून पूर्ण उकल

साध्या समीकरणाला बहुधा एकच उत्तर असते. असमानतेत मात्र एक बाजू दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी एवढेच सांगितलेले असल्यामुळे ती खरी ठरवणाऱ्या किमती, म्हणजेच तिच्या उकली, सहसा अगणित निघतात. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छापली गेलेली < (पेक्षा लहान) आणि > (पेक्षा मोठे) ही चिन्हे त्यासाठी आजही वापरली जातात.

२क्ष + ३ < ११ ही असमानता पाहावी. क्ष या चलाच्या, म्हणजे बदलत्या किमतीच्या अक्षराच्या, जागी १, २, ३ ठेवल्यास डावी बाजू अनुक्रमे ५, ७, ९ होते व विधान खरे ठरते. ४ ठेवल्यास ती नेमकी ११ होते, आणि अकरा काही अकरापेक्षा लहान नसल्याने विधान खोटे ठरते. येथेच थांबून ‘१, २, ३’ असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो, परंतु ३.९९ ठेवल्यास डावी बाजू १०.९८ येते, −१०० ठेवल्यास −१९७, आणि या दोन्ही उकलीच आहेत. सुट्या किमती कितीही तपासल्या तरी यादी संपत नाही.

म्हणून आधी < च्या जागी = मानून सीमा काढावी. येथे ती ४ आहे. ही सीमा संख्यारेषेचे दोन भाग करते आणि प्रत्येक भागातली एकच सोयीची किंमत तपासली की त्या संपूर्ण भागाचा निकाल लागतो. ० चालतो, ५ चालत नाही. अर्थात ४ पेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या ही उकल होय. एका किमतीवर एवढा भरवसा ठेवता येतो, कारण डावी बाजू क्षबरोबर अखंडपणे, मध्ये उडी न घेता बदलते, आणि ११ च्या खालून वर जाताना तिला ११ ही किंमत गाठावीच लागते. वरवर उघड वाटणाऱ्या या गोष्टीची काटेकोर सिद्धता प्रागच्या बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्ये मांडली.

क्ष² − क्ष < ६ येथे −२ आणि ३ अशा दोन सीमा मिळतात. −३ ठेवल्यास १२, ० ठेवल्यास ०, ४ ठेवल्यास पुन्हा १२. तेव्हा उकली फक्त मधल्या भागात आहेत.

ताळा म्हणूनही ही रीत उपयोगी पडते. ५ − २क्ष > ११ सोडवताना ऋण संख्येने भागल्यावर चिन्ह उलटवण्याचे राहून गेले, तर क्ष > −३ असे उत्तर येते. त्यात ० बसतो, पण मूळ विधानात ० ठेवताच ५ > ११ असे उघड खोटे विधान समोर येते. खरे उत्तर क्ष < −३ आहे.

६/क्ष < २ मध्ये मात्र सावध राहावे लागते. समीकरणातून ३ ही एकच सीमा मिळते. १ चालत नाही, ४ चालतो, एवढ्यावरून ३ च्या डावीकडे उकल नाही असे ठरवावे, तर −१ ठेवल्यास −६ येऊन विधान खरे ठरते. शून्याने भागता येत नसल्यामुळे क्षची किंमत ० असताना ही राशी तुटते, आणि म्हणून तो बिंदूही सीमा मानून तीन भाग तपासावे लागतात.