रजईच्या उरलेल्या भरणाचा हिशेब

औसा, लातूर, निलंगा या भागात थंडी जवळ आली की रजया आणि गोधड्या शिवण्याचे काम वाढते. पुष्कळ घरांत हे काम भगिनीच करतात. कापडाचे कातरण गोधडीत जिरते. परंतु आत भरायचा कापूस किंवा फायबर उरला, तर तो कोपऱ्यात पडून राहतो आणि शेवटी उकिरड्यावर जातो. व्यापाराच्या दृष्टीने हा तोटा आहे आणि दीनच्या दृष्टीने इस्राफ, म्हणजे उधळपट्टी. या मालाचा उपयोग कसा करावा, ते येथे थोडक्यात देत आहोत.

प्रथम माल ओळखा

भरण मुख्यतः दोन प्रकारचे असते: कापूस आणि पॉलिस्टर, ज्याला बाजारात फायबर म्हणतात. शंका असेल तर चिमूटभर भरण चिमट्यात धरून पेटवून पाहावे. कापसाला जळत्या कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. फायबर वितळून त्याची कडक गोळी होते. हे दोन्ही एकाच रजईत एकमेकांना जोडू नयेत. कापूस पाणी धरतो आणि धुतल्यावर आटतो. फायबर आटत नाही. त्यामुळे पहिल्याच धुण्यात रजई वेडीवाकडी होते.

लांब पट्ट्यांची जोडणी

समजा, 75 इंच पन्ह्याच्या फायबर रोलमधून 60 इंच रुंद व 90 इंच लांब रजई कापली. बाजूला 15 इंचांची पट्टी उरते. अशा चार पट्ट्या जमल्या की 60 बाय 90 ची आणखी एक रजई भरते. म्हणजे चार रजयांमागे पाचवीचे भरण नव्याने विकत घ्यावे लागत नाही. दोनच पट्ट्या असतील तर त्या जोडून मधोमध कापाव्यात. 30 बाय 45 इंचांच्या दोन जाडसर जानमाज तयार होतात.

जोडताना पट्ट्या एकाच जाडीच्या घ्याव्यात. कडा कात्रीने सरळ कराव्यात आणि एकमेकींना भिडवाव्यात; एकीवर दुसरी चढवू नये, नाहीतर तेथे गाठीसारखा उंचवटा येतो व अंगाला टोचतो. टाके तिरपे व सैल घालावेत. ओढून घातले तर जोड दबतो आणि तेथून थंडी शिरते. वरचे दोरे नेहमीपेक्षा जवळ, दोन-तीन इंचांवर घालावेत, म्हणजे तुकडे आत सरकत नाहीत.

लहान तुकडे

हातभरापेक्षा लहान तुकडे जोडत बसू नये. त्यात जाणारी मजुरी भरणाच्या किमतीपेक्षा जास्त होते. ते हाताने सुटे करून उशी, लोड किंवा टाचण्यांच्या गादीत भरावेत. चुलीवरचे गरम भांडे उतरवण्यासाठी पकड शिवायची असेल, तर मात्र फक्त कापूस वापरावा. फायबर उष्णतेने वितळतो व हात भाजण्याचा धोका असतो.

पिंजाऱ्याकडे चला

कापसाचे तुकडे फेकण्याचे कारणच नाही. उन्हात चांगले वाळवून पिंजाऱ्याकडे दिले की पुन्हा फुलतात. मात्र प्रत्येक पिंजणीत धागा तुटून आखूड होतो, म्हणून त्यात थोडा नवा कापूस मिसळावा. ओलसर किंवा बुरशीचा वास येणारा माल घेऊच नये. पिंजारी, नद्दाफ, मन्सूरी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या बांधवांचा हा पिढीजात हुन्नर आहे. अरबीत पिंजाऱ्याला हल्लाज म्हणतात. तयार गाद्यांमुळे या धंद्याला उतरती कळा लागली आहे. आपण उरलेला कापूस त्यांच्याकडे नेला, तर आपला माल वाचतो आणि त्यांच्या घरची चूलही पेटते.

सांगून विका

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रजई शिवल्यावर आतले भरण ग्राहकाला दिसत नाही. तो आपल्या शब्दावर पैसे मोजतो. ही अमानत आहे. जोडलेले किंवा पुन्हा पिंजलेले भरण असेल, तर तसे स्पष्ट सांगावे आणि दर कमी लावावा. बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघडकीस आणली, हा प्रसंग प्रत्येक दुकानदाराने गल्ल्यावर बसताना आठवावा. स्वस्त आणि टिकाऊ रजई गरीब घराला हवीच असते. सांगून विकली तरी ती खपते. बरकत अशाच कमाईत आहे.