गुरुगृह आणि प्रार्थनागृह : यहुदी समाजाची बालपाठशाळा

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा महर्षी व्यासांच्या स्मरणाचा मंगल दिवस. ज्याने आपणास अक्षर दिले, त्याच्या चरणी या दिवशी आपण नतमस्तक होतो. गुरूचे हे ऋण इतर प्राचीन समाजांनीही मानले आहे. आपली भूमी गमावून शतकानुशतके देशोदेशी विखुरलेल्या यहुदी समाजाने आपला धर्म राखला, तो बव्हंशी लहान मुलांच्या पाठशाळेच्या बळावर. त्या पाठशाळेची ध्येयधोरणे आजच्या पर्वणीस जाणून घेण्याजोगी आहेत.

मुलांना धर्म शिकविण्याचे कर्तव्य ‘तोरा’ या यहुदी धर्मग्रंथाने मुळात पित्यावर सोपविले आहे. परंतु ज्याचा पिता निवर्तला, त्या पोरक्या बालकाने काय करावे? इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाने या प्रश्नास उत्तर दिले. गावोगावी शिक्षक नेमावेत आणि सहा-सात वर्षांच्या बालकांस त्यांच्या स्वाधीन करावे, असा दंडक त्याने घालून दिला. या एका कार्याबद्दल ‘तालमूद’ या ग्रंथाने त्याचे नाव कृतज्ञतेने जतन केले आहे.

याच ग्रंथात पाठशाळेचे नियमही आढळतात. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक असावा, मुले चाळीस झाल्यास त्यास साहाय्यक द्यावा व त्याचा भार गावाने उचलावा, आणि पन्नास झाल्यास दोन शिक्षक नेमावेत. शिक्षा करावीच लागली, तर ती पादत्राणाच्या बंदाहून कठोर नसावी. ज्या मुलाला पाठ येत नाही त्याला बाहेर न घालविता इतरांच्या सोबतीस बसू द्यावे, हा नियम तर विशेष हृदयंगम आहे. मंदबुद्धी म्हणून कोणाचे दार बंद होऊ नये, ही दृष्टी त्यामागे आहे.

आपल्याकडे ‘श्रीगणेशा’ गिरवून विद्यारंभ होतो. मध्ययुगात जर्मनी व फ्रान्समधील यहुदी बालकास गुरूपुढे बसवून पाटीवरील हिब्रू अक्षरांना मध लावीत आणि तो मध त्यास चाटावयास देत. विद्येची पहिली चव गोड असावी, हा त्यातील भाव.

काळ पालटला, आणि यहुदी मुले सर्वसाधारण शाळांत जाऊ लागली. मग धर्मशिक्षणाचे काय? अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरीत १८३८ साली रेबेका ग्राट्झ या विदुषीने रविवारची हिब्रू शाळा काढली. शिक्षण विनामूल्य होते आणि शिकविणाऱ्या स्त्रिया स्वेच्छेने, वेतनाविना शिकवीत. पुढे अनेक सिनेगॉगांनी, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरांनी, रविवारी व दुपारी भरणाऱ्या पाठशाळा चालविल्या. प्रार्थनेपुरते हिब्रू वाचन, पूर्वजांचा इतिहास, सणांचा अर्थ, दानाची सवय आणि तेराव्या वर्षी होणाऱ्या ‘बार मित्झ्वा’ या संस्काराची सिद्धता, ही त्यांची उद्दिष्टे. परंतु तो संस्कार आटोपताच अनेक मुले पाठशाळेकडे पाठ फिरवितात, ही तेथील धुरीणांची जुनी चिंता आहे. म्हणूनच मातापित्यांनाही शिक्षणात सहभागी करून घेण्यावर पुढे भर दिला जाऊ लागला.

या परंपरेची एक शाखा आपल्या कोकणच्या मातीत रुजलेली आहे. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथ हाती नसतानाही त्यांनी शब्बाथ व ‘शेमा’ ही प्रार्थना जपली होती. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. १८४६ साली वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. या सणाच्या रात्री घरातील धाकटे मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी मंडळी इजिप्तमधील दास्यमुक्तीची कथा सांगतात. बालकाच्या प्रश्नालाच येथे विधीचे स्थान आहे! नचिकेत्याच्या प्रश्नांतून उपनिषद लाभलेल्या आपल्या घरांना त्याचे मर्म सहज उमगेल. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. इतर विषयांबरोबर तेथे हिब्रूही शिकविली जाई. माझगावातील ही शाळा नंतर सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्धी पावली. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. एका लहान समाजाने आपल्या लेकरांसाठी उभारलेली ही वास्तू पुढे इतर धर्मीयांच्या मुलांनाही विद्यादान करू लागली.

शाळा, मंदिर आणि घर यांपैकी एकानेही हात सोडला, तर संस्काराचा दीप मंदावतो, असे हा इतिहास सांगतो. आपलीही मुले आज दिवसाचा मोठा भाग शाळा-शिकवणीत घालवितात. शुभंकरोती, स्तोत्रे, सणामागील कथा हे सारे कोणीतरी शिकवील, या भरवशावर आपण राहिलो, तर ते कोणीच शिकविणार नाही. आजच्या पुण्यदिनी गुरुपूजन झाल्यावर घरातील लहानग्यास जवळ घ्यावे आणि ‘हे असे का?’ या त्याच्या प्रश्नाला सवडीने उत्तर द्यावे. व्यासांच्या परंपरेची तीही सेवाच होय.