पिजिन अजून कंपाइल होतं, ते कुणामुळे?

१९९८च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात शिकणाऱ्या मार्क स्पेन्सरने लिनक्ससाठी चॅटचा एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं ‘गेम’. त्या नावावरून एओएल कंपनीशी बरीच वर्षं वाद चालला आणि २००७ मध्ये त्याचं ‘पिजिन’ झालं. एओएल, याहू, एमएसएन, जीटॉक, सगळीकडचे मित्र एकाच यादीत दिसायचे. कोड सर्वांना खुला. मेनू मराठीतही आले, कारण कुणीतरी चिकाटीने बसून ते भाषांतरित केले.

एओएलची चॅट सेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडली, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये. पिजिन टिकलं. त्याचं श्रेय मी डागडुजी करणाऱ्यांना देतो.

कोडला कुणी हात लावला नाही तरी तो मोडतो, कारण त्याच्या भोवतीचं सगळं बदलत असतं. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हा कंपायलर आला. एखादं फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं, तर पूर्वी नुसती वॉर्निंग यायची. आता थेट एरर येते. वर्षानुवर्षं बिनबोभाट कंपाइल होणारे कितीतरी जुने प्रोग्रॅम त्या एका बदलाने अडले. अशा वेळी बहुधा हेडर फाइलची एक ओळ वर टाकली की काम होतं. खरा त्रास देते ती कॉन्फिगर स्क्रिप्ट. मशीनवर अमुक सोय आहे का, हे ती छोटासा प्रोग्रॅम कंपाइल करून बघते. तो चाचणी-प्रोग्रॅमच जुन्या वळणाचा असला तर कंपाइल होत नाही आणि स्क्रिप्ट ठरवते, सोय नाही. बिल्ड व्यवस्थित पार पडतं, एररही दिसत नाही, पण प्रोग्रॅममधून एक सोय गायब झालेली असते. असा दोष शोधायला जुना आणि नवा, दोन्ही कॉन्फिगर लॉग शेजारी ठेवून वाचावे लागतात.

प्लगइनची शिस्त मात्र पिजिनने छान पाळली. प्रत्येक प्लगइन आपण कोणत्या आवृत्तीसाठी बांधलंय ते सांगतं. मुख्य आकडा जुळला नाही तर पिजिन त्याला आत घेत नाही. दुसऱ्या मालिकेत हा करार टिकला म्हणून जुनी प्लगइन्स चालत राहिली. पण ही मालिका खिडक्या आणि बटणं दाखवणाऱ्या जीटीके २ या लायब्ररीवर उभी आहे आणि डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आल्यावर जीटीके २ची देखभाल थांबली. तिसरी आवृत्ती नव्या पायावर लिहिली जाते आहे. ते गरजेचंच होतं, तरी जुनी मालिका चालती ठेवणं हे कमी प्रतीचं काम आहे असं मी मुळीच मानत नाही.

पंचवटीतल्या के. के. वाघ कॉलेजपासून महिरावणीच्या संदीप फाउंडेशनच्या कॉलेजपर्यंत नाशिकमध्ये अभियांत्रिकीची पुष्कळ मुलं शिकतात. त्यांना एक विनंती आहे. फायनल इयरला नवं चॅट ॲप लिहिण्याआधी एखाद्या जुन्या प्रोग्रॅमचा सोर्स उतरवून घ्या, बिल्ड करा आणि सगळ्यात पहिली एरर वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच आलेल्या असतात. दुरुस्ती जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपायलरवर तपासा आणि मग पॅच पाठवा.