नाहुआत्ल चित्रलिपीतील वनस्पतिचिन्हे

नाहुआत्ल ही मध्य मेक्सिकोतील अ‍ॅझटेक लोकांची भाषा होय. स्पॅनिश आक्रमणापूर्वी आणि त्यानंतर १६ व्या शतकातही तिच्या लेखनासाठी वापरात असलेल्या चित्रलिपीत झाडे, गवत, फुले व निवडुंग वारंवार आढळतात. ही चित्रे शोभेची वाटली, तरी त्यांतील पुष्कळशी वाचावयाची असतात.

स्थलनामे

अशी चिन्हे विशेषतः गावांच्या नावांत येतात. १५४० च्या सुमारास तयार झालेल्या मेंदोसा पोथीत तेनोच्तित्लान या राजधानीचे चिन्ह म्हणून दगडावर उगवलेला फड्या निवडुंग दाखवला आहे. ‘तेत्ल’ म्हणजे दगड व ‘नोच्त्ली’ म्हणजे निवडुंगाचे फळ. दोन्ही मिळून ‘तेनोच’ होते. ‘तित्लान’ हा स्थलवाचक प्रत्यय वाचकाने भरून घ्यावयाचा. त्याच पानावर तेनोच नावाच्या नेत्यामागेही हेच चिन्ह आहे. तेथे मात्र प्रत्यय लागत नाही.

क्वाउतित्लान या गावासाठी दात असलेले झाड काढतात. दाताला ‘त्लान्त्ली’ म्हणतात. त्यातील केवळ ‘त्लान’ हा ध्वनी घ्यावयाचा. क्वाउनाहुआक, म्हणजे झाडांजवळचे गाव, लिहिताना झाडातून बोलण्याची वळी बाहेर पडताना दाखवतात, कारण ‘नाहुआ’ या ध्वनीचा संबंध बोलण्याशी आहे. स्पॅनिश लोकांनी या नावाचे कुएर्नावाका (शब्दशः ‘गाईचे शिंग’) केले. नावातले झाड गेले, चित्रातले राहिले. ओआहाकाच्या चिन्हात माणसाच्या नाकावर हुआशिनचे झाड आहे. हे झाड आपल्याकडील सुबाभळीच्या प्रजातीतील.

‘क्वाउ’ हे रूप झाड आणि गरुड या दोन्ही शब्दांत येते. रोमन लिपीतील नावावरून त्यांपैकी कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही. चित्र पाहिले की बहुधा उलगडा होतो.

कालगणना व काव्य

वीस दिवसचिन्हांपैकी मालिनाल्ली (गवत), आकात्ल (बोरू) व शोचित्ल (फूल) ही तीन वनस्पतींची आहेत. आकात्ल हे वर्षाचेही नाव असून कोर्तेस आला ते १५१९ हे ‘१ आकात्ल’ वर्ष होते. ‘फूल-गाणे’ या जोडशब्दाने काव्याचा बोध होतो. म्हणून गाणाऱ्याच्या मुखातील वळीला फुले जोडलेली दिसतात.

वनौषधींची पोथी

१५५२ मध्ये मार्तीन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने रचलेल्या आणि हुआन बादियानो याने लॅटिनमध्ये भाषांतरित केलेल्या पोथीतील चित्रे वरवर युरोपीय धाटणीची आहेत. मुळांकडे मात्र नीट पाहावे. काही वनस्पतींच्या मुळांशी दगडाचे, तर काहींच्या मुळांशी पाण्याचे जुने चिन्ह आहे. वनस्पती खडकाळ जागी उगवते की पाण्याकाठी, ते त्यावरून समजते.